सबॉर्डिनेट म्हणजे कोण, मोहन?

मृत्यू माणसामाणसांतले सगळे उच्चनीच भेद पुसून टाकतो. वाक्य माझं नाही, तुझ्या शोकसभेत मोठ्या साहेबांनी म्हटलेलं आहे. म्हणण्याआधी त्यांनी घसा साफ केला आणि म्हटल्यावर घोटभर पाणी प्यायले, त्यामुळे ते खरं असावं असं मलाही क्षणभर वाटलं. मग मी आजूबाजूला पाहिलं. पहिल्या रांगेत हातांच्या खुर्च्या, त्यांवर अधिकारी. त्यामागे दोन रांगा बिनहातांच्या खुर्च्यांच्या, त्यांवर आम्ही लिपिक. त्यामागे भिंतीला टेकून शिपाई, उभे. आणि सगळ्यांच्या समोर, टेबलावर टेबल चढवून केलेल्या उंचवट्यावर, हार घातलेला तुझा फोटो. म्हणजे आत्तासुद्धा तू माझ्या वरच, मोहन.

ऑफिसचं नाव इथे लिहीत नाही. अंधेरीचं आपलं ऑफिस, एवढं पुरे. नाव छापायचं तर वरिष्ठांची परवानगी लागते, आणि माझ्याबाबतीत ती देणारा तूच होतास.

सभेत मला बोलायला दिलं नाही. 'दत्तारामजींच्या भावना आम्ही समजू शकतो' असं म्हणून त्यांनी माझ्या भावना परस्पर निकालात काढल्या. ते एका परीने बरंच झालं. समोर तुझी बायको, सुनंदावहिनी, बसलेल्या. त्यांच्यादेखत मी काय सांगणार होतो? की आपण एकाच दिवशी नोकरीला लागलो, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो, एकाच दौतीत टाक बुडवले, आणि गेली कित्येक वर्षं मला तुझा हेवा वाटत आला? की तू गेलास त्या रविवारी, मासळीबाजारात कोसळलेल्या तुला उचलून आणलं तेव्हा, मी मोठमोठ्याने रडलो आणि सोमवारी ऑफिसात गेल्यावर आधी तुझ्या खुर्चीकडे पाहिलं?

खुर्चीचं आधी सांगतो, कारण भांडण तिथूनच सुरू झालं. अधीक्षकाची एक जागा निघाली आणि हक्कदार आपण दोघे. हजर झाल्याची तारीख एक. गुणांची यादी पाहावी तर ती वाळवीने आधीच पाहून ठेवलेली. मग नियम असा निघाला की वयाने मोठा तो सेवेत मोठा. साल आपलं एकच. माझी जन्मतारीख ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली, इस्पितळाच्या कागदावर शिक्क्यासकट. तुझी एक जून. तुझीच काय, तुझ्या वर्गातल्या सगळ्या मुलांची एक जून. कोकणातल्या तुझ्या शाळेत नाव घालायला आलेल्या प्रत्येक पोराला गुरुजींनी तीच तारीख लावली होती. हिशेबाला सोपी पडते म्हणून. त्या दिवशी गावच्या सुईणीला पाणी प्यायलासुद्धा उसंत मिळाली नसणार.

आणि एवढ्यावर तू अधीक्षक झालास.

मी गप्प बसलो असतो, पण त्याच वर्षी तुझी आई गावाहून आली. मी तळमजल्यावरच्या माझ्या घरातून वर तुमच्याकडे आलो होतो, ती खाली बसून खोबरं खवत होती. मी सहज विचारलं, 'आई, मोहनचा जन्म कधीचा हो?' ती मानही वर न करता म्हणाली, 'ह्यो? गौरी गेल्यार दुसऱ्या दिसा झालो.'

'म्हणजे तू माझ्यापेक्षा लहान!' मी ओरडलोच.

'हळू बोल ना यार,' तू म्हणालास. 'आणि आईच्या बोलण्यावर शिक्का नाही.'

'गुरुजींच्या बोलण्यावर आहे?'

'आहे. गोल आहे. मध्ये शाळेचं नाव आहे.'

'काय झाला?' आई म्हणाली. 'लहान तर लहान. जेवूक बसा आधी.'

आपण जेवायला बसलो. बांगड्याचं तिखलं होतं. मी तिसऱ्यांदा भात घेतला, पण मनातलं काही खाली उतरलं नाही.

पहिल्या दिवशी तू त्या हातांच्या खुर्चीत बसलास. पाठीवर पांढरा टॉवेल, टेबलावर घंटी. थोड्या वेळाने घंटी वाजली. शिपाई जागेवर नव्हता म्हणून मीच आत आलो. 'काय साहेब?' मी म्हटलं, जितकं टोचेल तितकं टोचून. तू म्हणालास, 'काही नाही रे, वाजते का बघत होतो.' त्यानंतर माझ्यासाठी तू कधी घंटी वाजवली नाहीस. काम असलं की उठून माझ्या टेबलाशी यायचास, बाजूच्या स्टुलावर बसायचास, डब्यातली चकली काढून द्यायचास. लोक म्हणायचे, काय साधा माणूस! त्याचाही मला राग यायचा. मोठेपणा घेतलास तो घेतलास, वर साधेपणाही तूच नेलास. माझ्यासाठी काय उरलं? माझ्या पदाच्या नावात 'वरिष्ठ' हा शब्द होता, वरिष्ठ लिपिक. तुझ्या पदात तो नव्हता. सरकार अशी भरपाई करतं.

तुझा तो जाडजूड इंग्रजी कोश आता सुनंदावहिनींनी पलंगाखाली ठेवलाय. फूटपाथवरून घेतलेला, पुठ्ठा गेलेला, शब्द कुठून आला ते सांगणारा. जेवणाच्या सुट्टीत रोज एक शब्द काढायचा, हा आपला नेम. इतर लोक पत्ते खेळायचे, आपण लॅटिन खेळायचो, आणि दोघांनाही ते येत नसल्यामुळे भांडायला पूर्ण मोकळीक होती. एके दिवशी वरून परिपत्रक आलं: सर्व सबॉर्डिनेट कार्यालयांनी अमुक करावं, तमुक करू नये. तू चष्मा कपाळावर सरकवलास आणि म्हणालास, 'आज हाच.'

मग तू वाचायला लागलास. सब म्हणजे खाली. ऑर्डो म्हणजे ओळ, रांग. सैन्याची रांग, पदांची रांग. ज्याला खालच्या रांगेत लावून ठेवलाय तो सबॉर्डिनेट. हुकूम या अर्थाचा ऑर्डरसुद्धा तिथलाच. आणि सगळ्यात आधी, कोश म्हणे, ऑर्डो म्हणजे मागावर लावलेल्या धाग्यांची ओळ असावी.

'बघ,' तू म्हणालास, 'शब्दात कुठे कमीपणा आहे? इन्फिरिअर घे. तो नुसता खालचा. नरकाचा शब्दसुद्धा त्याच्याच घरातला. डेप्युटी घे. मुळात छाटलेला, तोडून बाजूला काढलेला, हे आपल्या डेप्युटीसाहेबांना सांगू नकोस. पण सबॉर्डिनेट? कोणीतरी ओळ लावली, त्यात तू खाली आलास. बस्. तुझा दोष नाही, माझा गुण नाही.'

'हे वरून फार छान दिसत असेल,' मी म्हटलं.

'माका शिकवू नको. मीपण कुणाच्या तरी खालीच आहे.'

'पण माझ्या वर आहेस.'

'अरे, ओळ मी लावली का?'

'नाही. तुझ्या गुरुजींनी लावली.'

तू इतका हसलास की पत्तेवाल्यांनी वळून पाहिलं. मी हसलो नाही. मला मागाचं लागलं होतं. माझे वडील परळच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, जॉबरच्या म्हणजे मुकादमाच्या हाताखाली होते. मी म्हटलं, 'माझ्या बापाने जन्मभर ती धाग्यांची ओळच सांभाळली. धागा तुटला की जॉबर शिव्या द्यायचा. धाग्याला नाही, बापाला.' तू कोश मिटलास. मला वाटलं, हा डाव मी जिंकला.

कसला जिंकतोय! पुढच्याच गणपतीत आपल्या बोरीवलीच्या सोसायटीने तुझं भाषण ठेवलं, 'शब्दांच्या गावा' की असंच काहीतरी. तू सबॉर्डिनेट घेतलास. रांग, ओळ, माग, सगळं रंगवून सांगितलंस आणि शेवटी म्हणालास, 'माझ्या एका मित्राचे वडील गिरणीत होते. धागा तुटला की जॉबर शिव्या द्यायचा. धाग्याला नाही, वडिलांना.' मंडपात आधी हशा पिकला, मग टाळ्या. अर्धी सोसायटी गिरणीवाल्यांची पोरं, लोकांच्या डोळ्यांत पाणी. माझा बाप, माझा जॉबर, माझी शिवी, आणि टाळ्या तुला. माझी बायको मंदा घरी येताना म्हणाली, 'भावजी काय सुंदर बोलले! तुमच्या बाबांचं तुम्ही मला असं कधी सांगितलं नाही.' त्या रात्री मला जेवण गेलं नाही, हे मी प्रकृतीवर ढकललं.

खरी गोष्ट अशी की मला ते तसं सांगता आलं नसतं. मी सांगितलं असतं तर नुसती तक्रार झाली असती.

सोसायटी उभी राहिली तेव्हा खोल्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. तुला तिसरा मजला, मला तळमजला, बरोब्बर तुझ्याखाली. लोक तेव्हाच म्हणाले, ऑफिसात तसं घरीही. तुला गॅलरीतून नॅशनल पार्कचे डोंगर दिसायचे, मला सोसायटीचा मीटरबोर्ड. रंगीत टीव्हीही आधी तुझ्याकडे आला. पण पाण्याने मात्र माझी बाजू घेतली. तिसऱ्या मजल्यावर ते चढायचंच नाही. सकाळी माझ्या मोरीतला नळ धो धो वाहायचा आणि अधीक्षकसाहेब पट्ट्यापट्ट्याच्या लेंग्यात दोन बादल्या घेऊन माझ्या दारात. आता कबूल करायला हरकत नाही, त्या वेळी मी मुद्दाम दाढी करायला बसायचो. 'थांब हं मोहन, तोंड धुतो.' तू थांबायचास. कधी घाई केली नाहीस. उलट माझ्या पायरीवर बसून पेपर वाचायचास आणि मला ठळक बातम्या ऐकवायचास. माणसाला थांबवून ठेवायची मजा घ्यावी तर समोरच्याने निदान चडफडावं तरी. तू तेवढंही करू दिलं नाहीस.

दर मार्चमध्ये त्याच पायरीवर एक विधी व्हायचा. वरिष्ठाने हाताखालच्याचा गोपनीय अहवाल लिहायचा, आणि तो हाताखालच्याने पाहायचा नाही, असा नियम. तू तो छापील कागद घेऊन खाली यायचास, माझ्या हातात द्यायचास आणि म्हणायचास, 'तूच लिही. तुला तू जास्त ओळखतोस.' मग मी लिहायचो, तू सही करायचास. इतका पारदर्शक गोपनीय अहवाल राज्यात दुसरा नसेल.

'बुद्धिमत्ता,' मी वाचायचो. 'असाधारण, लिहू?'

'बरी, लिही.'

'बरी? मोहन, मी तुला लॅटिनमध्ये हरवलंय.'

'म्हणून तर बरी. असाधारण लिहिलं की वरचे विचारतात, मग हा इथे काय करतोय?'

मी 'बरी' लिहायचो. पुढचा रकाना असायचा वरिष्ठांशी संबंध. वरिष्ठ म्हणजे तूच, पायरीवर बसून माझ्या बायकोच्या हातचे पोहे खाणारा. एका वर्षी मी पेन उचललं आणि विचारलं, 'इथे काय?'

'मत्सरी, लिही,' तू म्हणालास. पोहे चावता चावता, मान वर न करता.

इतकी वर्षं मला वाटत होतं की ते फक्त मला माहीत आहे.

'मत्सरी लिहिलं तर बढती अडेल,' मी कसंबसं म्हटलं.

'मग सौहार्दपूर्ण लिही. सरकारी भाषेत फारसा फरक नाही.'

आणि तू आणखी पोहे मागितलेस. मंदाने लिंबू पिळून आणून दिले. मी 'सौहार्दपूर्ण' लिहिलं. रफार चुकला की उकार, आठवत नाही, पण तू दुरुस्त न करता सही केलीस. त्या दिवशी बोलायला हवं होतं. 'तुला कधीपासून कळलं?' एवढं तरी विचारायला हवं होतं. 'आणि कळूनही रोज खाली का येतोस?' पाणी तर कारण होतंच, पण टाकी बसली, पंप आला, तिसऱ्या मजल्यावर नळ वाहायला लागले, तरी तू सकाळी पेपर घेऊन खाली येतच राहिलास, बादलीशिवाय.

आपलं भांडण अर्धवट राहिलं ते असं. एकदा तू कोश बाजूला ठेवून मराठीकडे वळलास. 'दुय्यम फारसीतून आला, म्हणजे दुसरा. हाताखालचा आपला घरगुती. आणि कनिष्ठ? कनिष्ठ म्हणजे मुळात वयाने सगळ्यांत लहान.'

मी वाटच पाहत होतो. 'मग ऑफिसातला खरा कनिष्ठ कोण? गौरी गेल्यावर जन्मलेला की ऑगस्टमधला?'

तू हसलास, पण या वेळी थोडं कमी. 'दत्ता, एक सांग. ओळ उलटी लागली असती, तू त्या खुर्चीत बसला असतास, तर काय केलं असतंस?'

'काय म्हणजे? काम केलं असतं.'

'तसं नाही रे. माझ्याशी कसा वागला असतास?'

मी चहा मागवला. विषय तिथेच राहिला. तुझी समजूत होती की वेळ पुष्कळ आहे. 'गुरुजींनी मला आधी चढवलंय, तसे आधी उतरवतील पण,' तू म्हणायचास. 'मेअखेरीस मी घरी, तू ऑगस्टअखेरीस. मधले तीन महिने खुर्ची तुझी. तेव्हा दाखव मला साहेब कसा असतो ते.' त्या तीन महिन्यांसाठी मी मनात काय काय ठरवून ठेवलं होतं! टॉवेल बदलायचा. घंटी चकचकीत करायची. तू सहज भेटायला आलास की तुला बाहेरच्या बाकावर जरा बसवून ठेवायचं आणि मग आत घ्यायचं.

हेच उत्तर होतं, मोहन. मी तुला बसवून ठेवलं असतं. तू मला एकदाही बसवून ठेवलं नाहीस. खुर्चीचा हेवा मी करत आलो, आणि तो माणसाला परवडतो, सगळेच करतात. पण खुर्चीत बसूनही तुला त्या खुर्चीची फारशी गरज पडली नाही, याचा हेवा जास्त खोल जातो. ओळ कोणी लावली यावर तू लॅटिन सांगत बसायचास आणि मी गुरुजींना दोष देत बसायचो. ती तारीख दुरुस्त झाली असती, मी वर गेलो असतो, तरी माझ्या टेबलाशी येऊन स्टुलावर बसणारा तूच असतास, आणि लोक तुझ्याचकडे पाहून म्हणाले असते, काय साधा माणूस. यात गुरुजी काय करणार?

तू गेल्यावर तुझा कार्यभार माझ्याकडे आला. तात्पुरता, पुढील आदेश होईपर्यंत. पहिले दोन दिवस मी माझ्याच खुर्चीत बसून तुझ्या फायली पाहिल्या. तिसऱ्या दिवशी शिपाई म्हणाला, 'साहेब, तिकडे बसा ना, फॅन तिकडे आहे.' मी बसलो. ती खुर्ची डाव्या बाजूला कलते. डावा पाय आखूड आहे, दिवसभर एका अंगावर तोल सांभाळत बसावं लागतं, संध्याकाळी कंबर धरते. इतकी वर्षं तू हे कधी बोलला नाहीस. मी दाराशी उभा राहून जिचा हेवा करत होतो, ती ही. खाली पुठ्ठ्याची घडी घालावी म्हणून वाकलो तर लक्षात आलं, तुझे पाय जिथे असायचे तिथली फरशी झिजून गुळगुळीत झाली आहे. मग मला जरा वेळ वर उठता येईना. शिपायाला वाटलं काही पडलंय, तोही शोधायला लागला.

जिन्यावरून सकाळी तुझ्या चपलांचा आवाज येत नाही. तिसरा मजला, दुसरा, पहिला, मग माझी पायरी, असा तो मला पाठ होता. त्यावर मी घड्याळ लावायचो आणि चहा ठेवायला सांगायचो. मंदा अजून सवयीने पायरी पुसते. परवा सुनंदावहिनी खाली आल्या, तुझ्या पेन्शनच्या कागदांसाठी. कागद झाल्यावर थांबल्या.

'भावजी, तुमची ऑर्डर निघाली का?'

'कसली?'

'ह्यांच्या जागेची. तुम्हालाच मिळायला हवी ना? हे म्हणायचे, दत्ता बसला तर मला बरं वाटेल.'

'आणखी काय म्हणायचा माझ्याबद्दल?'

त्यांनी थोडा विचार केला. 'तसं विशेष नाही. पण शब्द सापडला की आधी म्हणायचे, उद्या दत्ताला सांगतो. मला कधी सांगितला नाही हो एकसुद्धा. आम्ही इतकी वर्षं एका घरात, आणि सगळे शब्द तुमच्याकडे.'

त्या हसत म्हणाल्या, पण मी तो सूर ओळखला. माझ्याइतका तो दुसऱ्या कुणाला ओळखता येणार? म्हणजे मोहन, एक माणूस असंही होतं ज्याला माझा हेवा वाटत होता, आणि ते तुझ्याच घरात राहत होतं. मी म्हटलं, 'वहिनी, कोश असू दे तुमच्याकडे. मी वर येत जाईन. रोज एक काढू.' त्या म्हणाल्या, 'मला इंग्रजी कुठे येतं?' मी म्हटलं, 'आम्हाला लॅटिन कुठे येत होतं?'

काल पहिला जिना, दुसरा जिना चढून वर गेलो. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत धाप लागली. गॅलरीतून डोंगर दिसतात ते मात्र तू सांगायचास तितके मोठे नाहीत.

आणि ऑर्डर निघाली. तुझ्या जागेवर सरळसेवेने, म्हणजे बाहेरून थेट, नवे अधीक्षक नेमले आहेत. आज सकाळी हजर झाले. वय अठ्ठावीस. मला काका म्हणतात.